बाभुळगावच्या बाजारातला पियानो

माझा पियानो मला भेटला तो बाभुळगावच्या बाजारात, कडुनिंबाखाली, वांग्यांच्या ढिगाशेजारी.

१९५९ साल. दसरा होऊन आठवडा झाला असेल. मी मुंबईहून गाडीने धामणगावला उतरले आणि तिथून यवतमाळच्या बसमध्ये बसले. पियानो माझ्या आधी मालगाडीने धामणगावला आला होता, आणि एका ट्रकवाल्याने तो आदल्या दिवशीच यवतमाळला आमच्या घरी पोचवायला हवा होता. चहासाठी बस बाभुळगावला थांबली. मी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं... आणि किंचाळले.

ज्याच्या लाकडाला मी मऊ फडक्याशिवाय कधी हात लावला नाही, तो माझा पियानो धुळीत उभा होता. झाकण उघडं. भोवती बायका, म्हातारे आणि एक बकरी. आणि माझ्या स्टुलावर बसून एक उंच, सावळा तरुण बशीतून चहा पीत होता. कप त्याने पियानोवर ठेवला होता.

मी गर्दीत घुसले. "उठा आधी! आणि तो कप उचला!"

"कोन तुम्ही?"

"हा पियानो माझा आहे."

"असं व्हय!" तो उठला, पण घाई न करता. "मी इचार करून राह्यलो होतो, एवढ्या मोठ्या पेटीचा मालक कोन असंन म्हनून. मले वाटलं, चांगला मिशीवाला असंन."

"कप!"

"उचलतो ना. चहा घेता का?"

"कप — उचला!"

त्याने कप उचलला. लाकडावर गोल पांढरा डाग उमटला होता. मला रडूच येणार होतं, पण संतापापुढे रडायला वेळ मिळाला नाही.

त्याचं नाव उत्तमसिंग राठोड. उमरखेडकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्याच्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. नातवाने ट्रक घेतला होता. त्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा इथे येऊन तुटला, म्हणून पियानो उतरवून ट्रक लोहाराकडे नेला होता.

"आणि झाकण कशाला उघडलं?"

"लोकाईनं इचारलं, आत काय हाय. आता मले तरी काय मालूम? मंग उघडून पाह्यलं."

बस निघून गेली. पियानो तिथे सोडून जाणं मला शक्यच नव्हतं. मी स्टुलावर बसले आणि ठरवलं की या माणसाशी एक शब्दही बोलायचा नाही. दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस काही सांगून येत नाही. उत्तमसिंग कुठूनशी ताडपत्री घेऊन धावत आला. एक टोक त्याने धरलं, एक माझ्या हातात दिलं. ताडपत्रीखाली पियानो कोरडा, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना नखशिखांत ओले.

"तुम्ही आत या ना," पावसातून तो ओरडला.

"आत जागा नाही."

"मंग त्याले काढू बाहेर."

मी त्याच्याकडे जळजळीत पाहिलं. त्याच्या पापण्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि तो हसत होता... असा हसत होता, की मी पटकन मान फिरवली. अशा माणसावर रागावण्यापेक्षा पावसावर रागावणं बरं.

*

माझं नाव कोकिळा, आणि मला गाता येत नाही. यवतमाळात मला भेटणाऱ्या प्रत्येकाला हे समजावून सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे.

माझे वडील सदाशिवराव, सगळे त्यांना बापूजी म्हणत, बाभुळगावकडे कापसाची शेती करत आणि कापूस यवतमाळच्या एका विलायती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, घालत. त्या जिनाच्या साहेबाच्या बायकोकडे पियानो होता. मी सहा वर्षांची असताना एकदा बापूजींबरोबर तिथे गेले आणि परत यायलाच तयार होईना. मग ती बाई मला शिकवू लागली. सत्तेचाळीस साली साहेब मायदेशी निघाला, तेव्हा तिने बापूजींना सांगितलं, "हिला मुंबईला पाठवा." आई नसलेल्या अकरा वर्षांच्या पोरीला बापूजींनी खरंच एकटीला मुंबईला पाठवलं, एका पारशी शिक्षिकेच्या घरी. नातेवाइकांनी वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं.

त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे रोज सहा तास पियानो. ना कैऱ्या फोडल्या, ना विळी धरली, ना कधी झाडावर चढले... बोटांना काही झालं तर? सतराव्या वर्षी मुंबईत पहिला एकटीचा कार्यक्रम केला. मग कलकत्ता, पुणे, मद्रास. वर्तमानपत्रांत नाव येऊ लागलं. आणि आता फेब्रुवारीत मुंबईच्या मोठ्या सभागृहात पूर्ण वाद्यवृंदाबरोबर वाजवायचं होतं. असं बोलावणं माझ्या वयाच्या मुलीला सहसा येत नाही. नेमके तेव्हाच बापूजी बैलगाडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. घरी फक्त इंदूआत्या, त्यांची बहीण. म्हणून मी आले, आणि सरावासाठी पियानोही आला.

आला तो सगळे सूर हलवून. सूर लावणारा माणूस नागपूरशिवाय मिळणार नव्हता.

"मी आनतो ना," उत्तमसिंग म्हणाला, आणि दोन दिवसांनी उमरखेडहून हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याला घेऊन आला. त्या बिचाऱ्याने पियानोचा पुढचा भाग उघडला, आतल्या तारा पाहिल्या आणि हात जोडले.

"मी नागपूर म्हटलं होतं!"

"नागपूर दूर हाय. म्हनलं, आधी जवळचं पाहू."

मग मात्र तो नागपूरला गेला आणि चर्चचे पियानो लावणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ट्रकमध्ये, कापसाच्या गठाणींवर बसवून घेऊन आला. ते उतरले तेव्हा त्यांच्या भुवयांवरही कापूस होता. सूर मात्र त्यांनी उत्तम लावले.

एवढ्यावर त्याचं काम संपलं होतं. पण तो येतच राहिला. कधी संत्री घेऊन, कधी बापूजींसाठी तेलाची बाटली, कधी नुसताच. बापूजी पलंगावर पडून पडून कंटाळले होते. उत्तमसिंगच्या गप्पा त्यांना औषधासारख्या लागू पडत. आणि पलीकडच्या खोलीत मी वाजवत असले की तो दारात येऊन उभा राही.

"हे तर काल बी वाजवलं तुम्ही."

"हो."

"परवा बी."

"हो!"

"मंग जमून नाही राह्यलं का?"

मी हात आपटून थांबायची. "जमतंय! पण जमणं वेगळं आणि... हजार लोकांसमोर हात गार पडलेले असताना जमणं वेगळं. म्हणून बोटांना इतकं पाठ करायचं, की मी घाबरले तरी बोटं घाबरता कामा नयेत. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. "तुम्ही रागावल्या का तुमचे कान लाल होतात."

"जा इथून!"

तो गेला. आणि माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा सुरुवात करण्याऐवजी आरशात कान पाहत होते. इतकी चिडले मी स्वतःवर!

*

डिसेंबरात तो बातमी घेऊन आला. राळेगावच्या मारोतरावांनी, मोठ्या कास्तकाराने, माझा जलसा ठेवायचं ठरवलं होतं. मला हवंच होतं ते. फेब्रुवारीत मुंबईला वाजवायची रचना त्याआधी एकदा तरी लोकांसमोर वाजवून पाहायची होती. आत्याला सोबत घेतलं, पियानो ट्रकवर चढला, आणि आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, पांढराशुभ्र.

राळेगावला पोचलो तर दारात मांडव. सनई. हळदीने माखलेली नवरी.

"उत्तमसिंग," मी हळूच म्हणाले, "हे लग्न आहे."

"व्हय. मारोतरावाची पोरगी."

"तुम्ही जलसा म्हणालात."

"लोक तर जलशापेक्षा जास्तच हायेत ना... पाहा बरं."

मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. आत्याने कानांवर पदर ओढला एवढंच सांगते. पण सगळं वऱ्हाड पियानोकडे टक लावून बसलं होतं, आणि मारोतराव हात जोडून उभे होते. मी बसले आणि त्या रचनेचा मधला, संथ भाग वाजवायला घेतला.

सुरुवातीला भांडी वाजत होती, पोरं रडत होती. एका आजीबाईने विचारलंच, "यात गानं केव्हा येते वं?" मग हळूहळू भांडी थांबली. शेवटाकडे एक जागा आहे, जिथे दोन्ही हात उचलून थांबायचं असतं. काही नाही, नुसती शांतता, आणि मग एकच सूर, अगदी हळू. मी थांबले. मांडवात कुणी हललं नाही. मी तो सूर लावला.

परतताना आत्या पुढे डुलक्या घेत होती. उत्तमसिंग बराच वेळ गप्प गाडी चालवत होता, आणि ते मला त्याच्या बडबडीपेक्षा अवघड वाटत होतं.

"मले समजलं नाही काही," तो शेवटी म्हणाला.

"माहीत आहे."

"पन तुम्ही हात उचलून थांबल्या ना... तवा मले भेव वाटला. का तुम्ही आता वाजवनारच नाही. हे इथंच संपलं, असं." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "मंग वाजला तो सूर. अन् मले..."

"काय?"

खड्डा आला. ट्रक उसळला, आत्या जागी झाली.

"काही नाही," तो म्हणाला.

काही नाही! मी उरलेला सगळा रस्ता त्या खड्ड्याला शिव्या देत आले.

*

त्यानंतर तो कितीदा आला, आणि कितीदा दारात उभा राहून "मले असं म्हनाचं होतं..." म्हणून संत्र्यांच्या भावावर घसरला, याची गणती नाही. जगात सर्वांत त्रासदायक माणूस कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी क्षणात नाव सांगितलं असतं. आणि तो यायचा राहिला तर दिवसभर माझी बोटं जड पडत, हेही खरं.

जानेवारीत एका दुपारी मी नेहमीचा सराव करत होते. पलीकडच्या खोलीत बापूजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. माझे हात आपोआप थांबले.

"उत्तमसिंग, लोक बोलून राह्यले. इंदूच्या कानावर आलं. तुह्या मनात काय हाय, सरळ सांग."

आणि हा माणूस, जो इतके दिवस माझ्यासमोर अर्धं वाक्य पुरं करू शकला नव्हता, एका दमात म्हणाला, "मले कोकिळाबाई लय आवडतात, बापूजी. त्याईच्यासंगं लगन कराचं हाय."

मी स्टुलावरून उठले.

बापूजींचा पलंग करकरला. मग ते म्हणाले, "तू घरात येतं, बसतं, मले बरं वाटते. पन हे नाही. आमच्यात नाही होत असं. पुन्हा येऊ नको."

"बरं, बापूजी."

बरं! मी धावत बाहेर आले तेव्हा ट्रक कोपऱ्यावरून वळत होता. आत जाऊन मी बापूजींसमोर उभी राहिले.

"मला विचारलंत?"

"तुले कायले इचाराचं?"

"आणि त्याने तरी मला विचारलं का? लग्न माझं आहे की तुमचं दोघांचं?"

बापूजींनी भिंतीकडे तोंड केलं. आत्या म्हणाली, "मुंबईले जा आता, अन् विसर." मी पुन्हा पियानोवर बसले, आणि त्या संध्याकाळी इतकं वाईट वाजवलं की मलाच लाज वाटली.

*

मुंबईचं सभागृह गच्च भरलं होतं. वाद्यवृंद आधी वाजू लागतो. माझी पाळी येईपर्यंत मला तीन-चार मिनिटं नुसतं बसून राहावं लागतं, आणि त्याहून लांब वेळ जगात नसतो. हात बर्फासारखे झाले होते. निऱ्या पायाखालच्या पेडलमध्ये अडकू नयेत म्हणून मी त्या घोट्याशी पुन्हा पुन्हा सारत होते. मग वाद्यवृंदाच्या संचालकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बोटं निघाली. ती घाबरली नाहीत. मी घाबरले होते, ती नाही.

शेवटी लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. माझ्या पारशी बाई पहिल्या रांगेत डोळे पुसत होत्या. मी वाकून नमस्कार केला, आणि वाकल्या वाकल्या प्रत्येक रांगेत एक उंच, सावळं डोकं शोधत राहिले. तो तिथे कसा असेल? "बरं, बापूजी" म्हणून गेलेला माणूस तो.

रात्रीच्या जेवणात संचालकांनी विचारलं, पुढच्या हिवाळ्यापासून युरोपात वाजवशील का? व्हिएन्ना, प्राग, आणखी कितीतरी शहरं. वर्षाचे आठ महिने. याच दिवसासाठी मी विळी धरली नव्हती. मी हो म्हटलं. आणि मला इतका आनंद झाला, की तो सांगायला उत्तमसिंग समोर नाही याचा भयंकर राग आला.

यवतमाळला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी उमरखेडची बस धरली.

तांड्यावर होळीची तयारी चालू होती. बायका गोल धरून लेंगीची गाणी म्हणत होत्या. मला पाहून गाणं थांबलं. काचेच्या टिकल्यांचा फेटिया घागरा नेसलेली, हातभर बांगड्यांची एक बाई पुढे आली. उत्तमसिंगची आई, सुखीबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पियानोवाली तूच काय?"

"हो."

"रोज सांगते तो. कोकिळाबाई असं, कोकिळाबाई तसं. त्याच्या बापाले सांगते, धरमसिंग ड्रायवरले सांगते, बैलाले बी सांगत असंन." तिने कपाळावर हात मारला. "जा. ट्रकखाली हाय."

ट्रकखालून दोन पाय दिसत होते.

"उत्तमसिंग, बाहेर या."

डोकं धाडकन कशावर तरी आपटलं. तो बाहेर आला, तोंडाला काळं ग्रीस, डोळे मोठे. "तुम्ही... इथं काहून आल्या?"

"तुम्ही मुंबईला काहून आले नाही?"

"बापूजींनी नाही म्हनलं."

"मुंबई बापूजींची आहे?"

मागे बायका गाणं विसरून ऐकत होत्या.

"हे बघा," मी म्हणाले, आणि माझा आवाज कापायला लागला, याचाही मला राग आला. "मला स्वयंपाक येत नाही. येणारही नाही, बोटं जपावी लागतात. पुढच्या वर्षापासून मी आठ महिने परदेशात असेन. रोज सहा तास वाजवेन, तेच तेच, तुम्हाला वीट येईपर्यंत. आणि वाजवणं मी कुणासाठी सोडणार नाही. तुमच्यासाठीही नाही. आता सांगा, तुम्हाला काय सांगायचं आहे."

त्याने ग्रीसचे हात धोतराला पुसले. माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"आधी बापूजींले इचारू," तो म्हणाला.

सुखीबाईने दुसऱ्यांदा कपाळावर हात मारला. तिसऱ्यांदा मी मारणार होते.

*

संध्याकाळी ट्रक आमच्या दारात थांबला. बापूजी काठीच्या आधाराने ओसरीवर बसले होते. उत्तमसिंगला पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग त्यांनी तो मुद्दाम कठोर केला. मी पाहिलं ते.

"मी नाही म्हनलं होतं."

"व्हय, बापूजी. म्हनूनच पुन्हा इचाराले आलो."

"लोक काय म्हनतीन?"

मी पुढे झाले. "बापूजी, तुम्ही मला अकराव्या वर्षी एकटीला मुंबईला पाठवलंत. नातेवाइकांनी बोलणं टाकलं. तेव्हा तुम्ही लोकांना विचारलं होतं?"

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. ओसरीवर हळूहळू अंधार उतरत होता.

"तवा मी धीट होतो, कोकिळा," शेवटी ते म्हणाले. त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. माझ्या वडिलांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गाडीवरून पडलो, तवापासून सगळ्याचंच भेव वाटते. रात्री वाटते, ही दूर जाईन. हा बी येनार नाही. मंग मी अन् हे छत."

"तुम्ही त्याला येऊ नको म्हटलंत."

"हो ना. अन् हा खरंच आला नाही!" बापूजी एकदम चिडले. "मी नाही म्हनलं, तर काय एकदम बरं म्हनाचं असते? दोनदा तरी इचाराचं! कसा मानूस हाय हा?"

"हेच!" मी ओरडले. "हेच मी म्हणतेय!"

आत्या दारात आली, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवायला आत गेली. तिला लग्नाला हो म्हणायला आणखी दोन महिने लागले. पण तिने चार कप काढले, ते मी मोजले.

"बस," बापूजी उत्तमसिंगला म्हणाले. "उभा काय हाय? तुले हे पोरगी पाह्यजे ना?"

"व्हय, बापूजी. मले या लय..."

"थांबा!" मी म्हणाले. "त्यांना नाही. त्यांना तुम्ही सांगितलं आहे. तुमच्या आईला सांगितलंत, धरमसिंगला सांगितलंत. सबंध जिल्ह्यात एक मीच राहिले आहे. माझ्याकडे बघून सांगा."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या गालावर अजून ग्रीस होतं. बापूजींनी शहाणपणाने अंगणाकडे नजर लावली.

"मले तुम्ही पाह्यजे," तो म्हणाला, अगदी हळू. "वर्षातले चार महिने, तर चार महिने."

"पाच," मी म्हणाले. "मार्चमध्ये, होळीला, मी कुठेही जाणार नाही."

आणि मग माझे कान लाल झाले आहेत हे त्याने सांगायच्या आत, मी आत चहा आणायला पळाले.